ज्याचे दुखले, त्याची भाषा



जेरुसलेमच्या आद्य ख्रिस्तसभेतही भांडण झाले होते (प्रेषितांची कृत्ये ६:१-७). रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषित स्वतः हिब्रू गटातले. तरीही त्यांनी तक्रार दडपली नाही. सर्वांना एकत्र बोलावून ७ सेवक निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप, निकोलस... सातही नावे ग्रीक! ज्यांचे दुखले, त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती सेवा आली आणि शिष्यांची संख्या वाढत गेली.

आपल्या धर्मग्रामातही सामवेदी, वाडवळ, कोळी, गोवेकर असे आपण सारे आहोत. एका घरी वडीलधाऱ्यांना मायेने ‘तू’ म्हणतात. दुसऱ्या घरी तोच उद्धटपणा वाटतो. एवढ्यावरून सासू-सुनेत अबोला येतो. मग समेटाला आपण आपलीच माणसे बसवतो आणि चूक कोणाची हे लगेच ठरवून टाकतो. नवी सून मात्र एकटी पडते.

या आठवड्यात मध्यस्थी करायची वेळ आलीच, तर आधी विचारू या, ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ आणि दुखावलेल्याची रीत जाणणारे एक तरी माणूस सोबत बसवू या. पवित्र आत्मा आपल्याला ऐकणारे कान देवो. आमेन.