एक गेले की दुसरे मिळतेच का?

उज्जैनला गेलो असता एका मराठी कुटुंबाच्या भेटीस जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्या घरातील नऊ वर्षांच्या मुलाची दृष्टी तापात गेली होती. समाचारास आलेले एक वडीलधारे गृहस्थ मुलाच्या आईला म्हणाले, "बाई, देव एक घेतो तेव्हा दुसरे देतो. आता याचे कान पाहा कसे तीक्ष्ण होतील!" आई काहीच बोलली नाही. आम्ही मात्र मान डोलावली. परत येताना मनाला टोचणी लागली, की आपण ज्याला मान डोलावली ते खरे आहे काय?

सृष्टीत त्याला आधार आहे असे प्रथम वाटते. उज्जैनची शिप्रा पुढे चंबळेला मिळते आणि चंबळेच्या खालच्या पात्रात सूस, म्हणजे गंगेतील डॉल्फिन, राहतो. 2009 साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळाला. त्याच्या डोळ्यांत भिंगच नाही. उजेड व अंधार यांपलीकडे त्याला फारसे दिसत नाही. तो सारखा आवाज काढतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे आहे ते ओळखतो. जगदलपूरजवळच्या कोटमसर गुहेत तर याहून नवल आहे. (2000 सालापर्यंत तो मुलूख मध्य प्रदेशातच होता.) तेथील लहान माशांचे डोळे बारीक झालेले आहेत व अंगाचा रंग फिका पडलेला आहे. ज्या जातीत त्यांची गणना झाली, तिचे पहिले वर्णन 1872 साली पुण्याकडच्या डोळस माशांवरून झाले होते!

पण हे घडते कसे? न वापरल्यामुळे डोळे गेले, असे डार्विनने 1859 साली लिहिले. आजचे शास्त्र अधिक खोलात जाते. उजेडात अधू डोळ्यांचा मासा लवकर मरतो, म्हणून त्याचे वैगुण्य पुढच्या पिढीत उतरत नाही. अंधारात ते वैगुण्य कोणाला बाधत नाही, म्हणून ते टिकते व साचत जाते. शिवाय डोळा पोसायला अन्न लागते आणि गुहेत अन्नाचीच वानवा. तेव्हा ज्याचा डोळा लहान, त्याचा खर्च कमी. मेक्सिकोतील आंधळ्या गुहामत्स्यांत असेही आढळले आहे, की गर्भावस्थेत ज्या संकेतामुळे तोंडाजवळच्या रुचिकलिका वाढतात, त्याच संकेतामुळे डोळा खुंटतो.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. यात कोणा एका माशाचा डोळा काढून घेऊन त्याच माशाला भरपाई दिलेली नाही. हजारो पिढ्या गेल्या, असंख्य मासे उपाशी मेले, आणि जे तगले त्यांच्या वंशजांना आज आपण 'भरपाई मिळालेले' म्हणतो. शिवाय त्या वंशजांना काही गमावल्याची जाणीवही नाही. ज्या मुलाने कालपर्यंत आईचा चेहरा पाहिला, त्याला हा दाखला लावणे म्हणजे त्याचे दुःख नाकारणे होय.

मग आंधळ्या माणसाचे कान तीक्ष्ण होतात ते खोटे काय? अगदी खोटे नव्हे. लहानपणी दृष्टी गेलेले लोक ब्रेल वाचतात, तेव्हा मेंदूचा पाहण्यासाठी असलेला भागही त्या कामाला लागतो, असे आढळले आहे. परंतु हे सरावाने होते, आणि सरावाला पुस्तक लागते, शिकवणारा लागतो, हाताला धरून रस्त्यावर नेणारा लागतो. ब्रेल लिपी आकाशातून पडली नाही. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या लुई ब्रेलने ती परिश्रमाने रचली. आपल्या भाषांसाठी 1951 साली भारती ब्रेल ठरली, तीही माणसांनी बसून ठरवली.

गुहेतल्या माशाला डोळ्यांवाचून अडत नाही, कारण तेथे साऱ्यांनाच अंधार आहे. त्या मुलाला अडते, कारण आपले रस्ते, शाळा, पाट्या व पुस्तके आपण डोळसांसाठीच मांडून ठेवली आहेत. त्याची अडचण काही अंशी आपणच निर्माण केलेली आहे. तेव्हा 'देव दुसरे देतो' असे म्हणून आपण उंबरठा ओलांडतो, तेव्हा आपल्या वाट्याचे देणे आपण देवाच्या नावावर लिहून मोकळे होतो, असे आम्हांला वाटते.

आम्ही त्या घरी पुन्हा जाणार आहोत. या खेपेस सांत्वनाचे वाक्य नेणार नाही. मुलाला ब्रेल कोण शिकवील याची चौकशी करून जाऊ, आणि त्या आईजवळ थोडा वेळ मुकाट्याने बसू.