दोष पाहणारी दृष्टी



मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मोत्सवाची आरती होते, आपण प्रसाद घेतो, आणि देवळाच्या पायरीवर टेकलो की सुरू होतं, "यंदा शिऱ्यात तूपच नव्हतं." "त्याईच्या घरचं काय सांगावं बाप्पा!" दहा मिनिटांत सून, शेजारी, पुजारी, सरपंच, सगळ्यांची हजेरी लागते. लागत नाही ती फक्त बोलणाऱ्याची.

गुरुचरित्राचा चाळिसावा अध्याय आठवा. नरहरी नावाचा ब्राह्मण कुष्ठाने ग्रासलेला, लोक सकाळी त्याचं तोंडही पाहत नसत. श्रीनृसिंह सरस्वतींनी त्याला औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं. संगमावर रोव आणि पाणी घाल म्हणाले. तो घालत राहिला. लोक हसले, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? महाराजांच्या कानावरही त्यांनी ते घातलं. महाराजांनी मात्र त्याचा भाव पाहिला, कमंडलूतील उदक शिंपडलं, पालवी फुटली, त्याचा देह निर्मळ झाला.

पारायणात आपण चमत्कारापाशी थांबतो. मला त्या हसणाऱ्यांविषयी विचार करावासा वाटतो. ते खोटं बोलत नव्हते. लाकूड वाळकंच होतं. दोष काढणाऱ्याचं बरेचदा असंच असतं. बोलणं खरं, पण कोणाच्या उपयोगाचं नाही.

मग चूक दाखवूच नये का? दाखवावी. आमच्या बँकेत ऑडिटर यायचे, तेही चुकाच काढायचे. पण व्हाउचर समोर ठेवून, त्याच शाखेला लिहून, दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करून. निंदक सगळ्या गावाला सांगतो, ज्याची चूक त्याला सोडून. आणि दुसऱ्याच्या नावे टाकण्याची इतकी सवय लागते की पाऊस नाही आला तरी दोष कोणाचा तरी असतोच. अशा घरात लेकरं चूक लपवायला शिकतात.

विनोबाजी पवनारला सांगत, दोष म्हणजे घराच्या भिंती, गुण म्हणजे दार. आत जायचं तर दार शोधावं, भिंतीवर डोकं आपटून काय मिळणार? आपले दत्तप्रभू तर याच्याही पुढे गेले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत चोवीस गुरू सांगतात, त्यांत अजगर आहे, पिंगला वेश्याही आहे. पिंगलेकडून त्यांनी आशा सोडणं घेतलं; तिच्या धंद्याचा हिशेब मांडला नाही.

आणि वर्धेच्या माणसाला फार लांब जायला नको. कुष्ठरोग जंतूमुळे होतो हे हॅन्सनने 1873 मध्ये दाखवलं होतं, तरी लोक रोग्याच्या पापावरच बोट ठेवत राहिले. मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये वर्धेजवळ दत्तपूरला रोग्यांची सेवा आरंभली. पुढे सेवाग्रामला संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हाच रोग घेऊन आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करत बसले.