भरलेलं वजन

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ३१ वर्षं वजनकाट्यावर कारकून होते. गळीत हंगाम सुरू झाला की आप्पांचे दिवस आणि रात्री काट्याच्या खिडकीत जायच्या. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढायची, आकडा पडायचा. मग ती गव्हाणीकडे जायची आणि ऊस उतरवून रिकामी परत यायची, की पुन्हा आकडा. पहिल्यातून दुसरा वजा केला की निव्वळ ऊस. शेतकऱ्याचा अंदाज एक असायचा, गाडीवानाचा दुसरा, आणि दोघंही खोटं बोलत नसायचे. आप्पा दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काट्यावर या."

गेल्या उन्हाळ्यात आप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डेन्व्हरला आले, तेव्हा घरात एकच विषय चालू होता. गॅस घ्यायचा की डिझेल?

अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, हे आप्पांना समजावण्यातच पहिली संध्याकाळ गेली. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातलं सिलिंडर येत होतं. खरा विषय असा होता : आम्ही २५ फुटी ट्रेलर घ्यायचं ठरवलं होतं. आत झोपायला पलंग, ओटा, न्हाणीघर. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडायच्या आत चार उन्हाळे त्यांना डोंगरात न्यायचं, एवढीच इच्छा होती. हा ट्रेलर ओढायला पिकअप ट्रक हवा होता, आणि त्याचं इंजिन पेट्रोलचं असावं की डिझेलचं यावर माझा नवरा चार महिने अडकला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावरही टॉर्कचे आकडे सांगायचा.

त्याला डिझेलची ओढ लावली होती आमच्या मंडळातल्या दादांनी. दादा वयाने मोठे, मनाने त्याहून मोठे. कुणाचं घर बदलायचं असो की विमानतळावरून कुणाचे आईवडील आणायचे असोत, दादांचा ट्रक दारात हजर. पाऊण टनी वर्गातला डिझेल ट्रक, आणि त्याच्यामागे फिफ्थ व्हील, म्हणजे ज्याचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यातच टेकतो असा मोठा ट्रेलर. दादा सांगायचे त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेट घेतं. हा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाडजूड असतं, आणि कमी फेऱ्यांतच ते प्रचंड जोर देतं. या वर्गाच्या पेट्रोल इंजिनाच्या साधारण दुप्पट टॉर्क. त्यात टर्बो. कोलोरॅडोत टर्बोची किंमत कळते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांच्या उंचीला सुमारे ३ टक्के शक्ती गमावतं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि पश्चिमेकडे जाताना आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. तिथे पोचेपर्यंत अशा इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद विरळ हवेत गेलेली असते. टर्बो ती विरळ हवा दाबून आत घालतो, म्हणून डिझेलला फारसा फरक पडत नाही. आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक : धुराची वाट अडवून इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेकवर पाय न ठेवता.

जुलैत दादांनी आम्हाला त्यांच्याच गाडीतून डिलन तलावावर नेलं. दादा, वहिनी, माझा नवरा, आप्पा आणि मी. मुलं शिबिराला गेली होती. जॉर्जटाउनच्या पुढचा चढ लागला आणि मला खरंच आश्चर्य वाटलं. मागे एवढं घर बांधलेलं, आणि ट्रक सपाटीवर असल्यासारखा चालला होता. उजव्या लेनमधले मालट्रक दिवे लुकलुकवत रांगत होते, त्यांना आम्ही मागे टाकलं. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा लांब, तीव्र उतार. सुटलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचा चढता फाटा काढलेला आहे, तो पाहूनच पोटात गोळा येतो. दादांनी एक बटण दाबलं आणि ट्रक जणू कुणी दोर धरून सोडावा तसा संथपणे खाली आला. माझ्या नवऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याचं ठरलं होतं.

परतताना डेन्व्हरच्या अलीकडे डिझेल भरायला एका ट्रक स्टॉपवर थांबलो. आप्पा पाय मोकळे करायला उतरले आणि तिथेच उभे राहिले. कोपऱ्यात काटा होता. मोठे मालट्रक एकेक करून त्यावर चढत होते आणि चालक पावती घेऊन जात होते. ७४ वर्षांच्या माझ्या वडिलांचा चेहरा एखाद्या मुलासारखा उजळला. "दादा," ते म्हणाले, "आपणही चढवू या का? मला पावती बघायची आहे."

दादांनी हसत गाडी चढवली. इथल्या काट्याचे तीन पत्रे असतात. पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खांबावरचं बटण दाबून आतल्या बाईंशी बोलायचं, की झालं. पावती आली. पुढचा आस ५,०६० पौंड. मागचा ६,१२०. ट्रेलर ९,५८०. एकूण २०,७६०.

आप्पांनी चष्मा वर करून पावती डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "या ट्रकची स्वतःची मर्यादा किती?"

"ओढायची? पंधरा हजारांच्या वर," दादा म्हणाले.

"ओढायची नव्हे. अंगावर घ्यायची."

दादांनी चालकाचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर, खाली, एक पांढरा-पिवळा कागद चिकटवलेला असतो. चार वर्षं दादा रोज ते दार उघडत होते. त्या कागदावर लिहिलं होतं की माणसं आणि सामान मिळून २,१४० पौंडांपेक्षा जास्त कधीही नको. शेजारच्या दुसऱ्या चिकटपट्टीवर ट्रकचं भरलेलं वजन जास्तीत जास्त १०,०००.

आप्पांनी पावतीच्या पाठीवर पुढचा आणि मागचा आकडा मांडला. ५,०६० अधिक ६,१२०. ११,१८०. मर्यादेपेक्षा १,१८० पौंड जास्त. मग सवयीने २.२ ने भागून किलो काढले : ५३६. "आणि येताना पाण्याची टाकी रिकामी आहे ना? जाताना?"

जाताना भरलेली होती. साठ गॅलन. एकट्या पाण्याचे ५०० पौंड.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण आप्पा, गाडीला काही जाणवतच नाही हो."

त्यावर आप्पांनी जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं देते. "माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सगळा ऊस बैलगाड्यांनी यायचा. कारखान्याच्या अलीकडे ओढ्याचा चढ होता. गाडी जास्त भरली असली की बैल तिथे गुडघ्यावर यायचे. गाडीवान शिव्या द्यायचा, पण चार मोळ्या खाली टाकायचा. बैल सांगायचे त्याला. मग ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर गुडघ्यावर येत नाही. दोन ट्रॉल्या लावा, वर आणखी थर चढवा, तो चढतोच. मग एक दिवस भर रस्त्यात ट्रॉलीचा आस मोडतो नाहीतर टायर फुटतो, आणि शेजारून कुणीतरी सायकलवर चाललेलं असतं. ट्रॅक्टरची चूक नाही त्यात. त्याच्यात जोर आहे म्हणून ओझं कुणाला कळलं नाही."

या गोष्टीतलं एक कोडं मला फार दिवस सुटत नव्हतं. इतका ताकदवान ट्रक, मग त्याची वाहायची मर्यादा एवढी कमी का? उत्तर त्या जाडजूड इंजिनातच आहे. पाऊण टनी वर्गातल्या बऱ्याच ट्रकांची एकूण मर्यादा १०,००० पौंडांच्या आसपास बांधलेली असते. डिझेलचं इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा काही शे पौंड जड. तेवढं वजन मर्यादेतून आधीच वजा होतं. म्हणून त्याच नमुन्याचा पेट्रोल ट्रक कमी ओढतो, पण अंगावर जास्त घेऊ शकतो. आणि फिफ्थ व्हीलचा सुमारे पाचवा हिस्सा भार ट्रकच्या पाठीवरच येतो. बारा हजार पौंडांच्या ट्रेलरचे २,४०० पौंड हौद्यात, म्हणजे एकही माणूस बसायच्या आत दादांच्या ट्रकची मर्यादा संपलेली होती.

घरी आल्यावर आमचा प्रश्नच बदलला. आप्पांनी वही घेतली. माहितीपत्रकात आमच्या ट्रेलरचं वजन ५,४०० पौंड होतं. ते कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचं. त्यात पाणी नाही, अंथरुणं नाहीत, भांडी नाहीत. मी न्हाणीघरातला वजनकाटा ओट्याजवळ आणला आणि आम्ही एकेक खोकं त्यावर ठेवलं. तांदूळ-डाळीचे डबे, दोन कुकर, बिडाचा तवा, पोह्यांची कढई. चार सायकली. जळाऊ लाकूड. आप्पा आकडा मोठ्याने वाचायचे आणि माझी मुलगी लिहायची. ट्रकमध्ये जाणाऱ्या सायकली आणि लाकूड सोडून बाकी सगळं धरून ट्रेलर ६,६२० वर गेला. त्यातला १२-१३ टक्के भार ट्रकच्या हुकावर यायला हवा, कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हेलकावे खातो. म्हणजे ८४० पौंड. त्यात आम्ही चौघं, हुकाचं जड लोखंड, सायकली, लाकूड. बेरीज १,८०० च्या जवळ. नवरा आधी जो अर्धा टनी ट्रक बघत होता त्याच्या दारावर १,५६० लिहिलेलं होतं. तो तिथेच बाद झाला.

मग पाऊण टनीत गॅस की डिझेल? वहीच्या दुसऱ्या पानावर आप्पांनी नवऱ्याला विचारून लिहिलं : ट्रेलर वर्षातून किती दिवस ओढणार? जेमतेम २५. बाकीचे दिवस ट्रक कुठे जाणार? सहा मैलांवरच्या ऑफिसला. डिझेलला हे सोसत नाही. त्याच्या धुरातली काजळी गाळायला गाळणी असते, ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापून चालावं लागतं. छोट्या फेऱ्यांनी ती तुंबते. शिवाय धुरासाठी वेगळं युरियाचं द्रावण भरत राहायचं, कडाक्याच्या थंडीत इंधन गोठून मेणासारखं होऊ नये याची काळजी घ्यायची, आणि इंजिनापोटी दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजायचे. आम्ही पेट्रोलचा पाऊण टनी घेतला. दारावर ३,०५० लिहिलेलं आहे.

सप्टेंबरात त्याच चढावर गेलो. या वेळी रांगणाऱ्या मालट्रकांमध्ये आम्हीही होतो. इंजिन घोंघावत होतं, वेग ताशी ३५-४० मैल, मागून दिव्यांची उघडझाप. मला ते आवडलं नाही आणि नवऱ्यालाही नाही. दादांच्या गाडीतला तो सहजपणा आठवत होता. उतारावर खालच्या गिअरमध्ये धरून, मधूनमधून ब्रेक दाबून सोडत, एकाग्र होऊन उतरावं लागलं. पण तलावावर पोचून ट्रेलर उभा केला तेव्हा कुठल्याही टायरवर, कुठल्याही आसावर त्याच्या वाट्याबाहेरचं काही नव्हतं, आणि ते आम्हाला आकड्यांनी माहीत होतं. माझी मुलं त्या ट्रेलरमध्ये झोपतात. मला ती १५ मिनिटं जास्त लागलेली चालतात.

तुम्ही इथे अमेरिकेत ट्रक बघायला जाल, तर कृपा करून बॉनेटच्या आधी चालकाचं दार उघडा आणि तो कागद वाचा. गावाकडे उसाच्या ट्रॉलीमागून जाणार असाल, तर अंतर ठेवा.

दादांनी आपला ट्रक हिवाळ्यात विकला. दर महिन्याला दोनदा मोठा ट्रेलर घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या माणसाला डिझेलच हवं, हे आप्पांनीच त्यांना सांगितलं होतं. इंजिन बरोबर होतं, ट्रक लहान होता. आता त्यांच्याकडे एक टनी आहे, मागच्या आसाला चार चाकं असलेला. पहिल्या सहलीला निघताना त्यांनी पाण्याची टाकी काठोकाठ भरली, सगळ्यांना आत बसवलं आणि गाडी आधी काट्यावर नेली. पावतीचा फोटो सांगलीला गेला. ट्रक मर्यादेच्या २,१०० पौंड आत होता.