माळ्यावरच्या पोथ्यांचं काय करायचं?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारच्या सत्संगात एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंच्या जुन्या पोथ्या माळ्यावर आहेत. घरात कोणालाच वाचता येत नाहीत. नदीत विसर्जन केलं तर चालेल का?" उत्तराआधी आपल्या गोव्याचीच एक गोष्ट सांगतो.

सासष्टीतल्या केळशी गावच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली मराठी ओवीत श्रीकृष्णचरित्र लिहायला घेतलं. पुढे पोर्तुगीज राजवटीत तिथली देवळं पाडली गेली. केळशीच्या श्री शांतादुर्गेला भक्तांनी कवळ्याला आणलं, म्हणून आज आपल्याला तिचं दर्शन होतं. पोथ्यांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. कित्येक जप्त झाल्या, कित्येक जाळल्या गेल्या.

मग कृष्णदासांचं काव्य वाचलं कसं? जेझुइट पाद्र्यांना इथली भाषा शिकायची होती आणि आपल्या धर्माचं खंडनही करायचं होतं. त्यासाठी त्यांनी ते काव्य आणि रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ती हस्तलिखितं आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. हेतू काहीही असो, कोणीतरी बसून अक्षर न् अक्षर लिहिलं म्हणून ते उरलं.

हे ऐकून राग येतो, साहजिक आहे. पण पुढचंही ऐका. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. त्यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचलं. १०,०००हून जास्त ओव्या! १६१६ साली ते राशोलला छापलं गेलं. नंतर १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. म्हणजे ज्या भाषेत त्यांच्याच धर्माचं पुराण होतं, त्या भाषेवरच गदा आली. आज त्या छापील पुस्तकाची एकही प्रत सापडत नाही. लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे ते टिकलं.

बंदी घालणाऱ्याला आपलं-परकं कळत नाही. आज दुसऱ्याची पोथी जाळणारा हात उद्या स्वतःच्या घरातल्या पुस्तकावरही पडतो. त्यामुळे या गोष्टीवरून आजच्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर राग धरायचा नाही. शिकायचं ते स्वतःपुरतं. ज्याची गुरुचरणी निष्ठा पक्की आहे, त्याला दुसऱ्याच्या पुस्तकाची भीती कशाला वाटेल? मुलाने वेगळ्या विचारांचं पुस्तक घरी आणलं तर लपवू नका. शेजारी बसून वाचा, त्याच्याशी बोला. आपलं तत्त्वज्ञान पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तर देत नाही, हे विसरायचं नाही.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. ताई, विसर्जन करू नका. जे सरकारी हुकमातून वाचलं, ते आपल्याच हातून नदीत जायला नको. रद्दीतही नको.

या महिन्यात आपण सगळ्यांनी एवढं करू या :

🌼 बासन सोडून पोथ्या हलक्या हाताने पुसाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये.
🌼 दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांकडे ठेवावा.
🌼 लिपी मोडी असेल तर जाणकाराला दाखवावी.
🌼 वाचता येत असेल तर रोज थोडं मोठ्याने वाचावं. मुलांनाही एखादी ओवी वाचू द्यावी.

पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला आज कृष्णदास शामांचं नाव आहे. ज्यांचं काव्य परदेशातल्या कपाटात जाऊन पडलं, त्यांच्या नावाच्या वास्तूत आज आपली मुलं अभ्यासाला बसतात. तिकडे गेलात तर दारात क्षणभर थांबून हात जोडा.

श्रीगुरुचरणी सेवा अर्पण. 🙏