पळण्यासाठी बसवलेलं नाटक

पीटर कॅटानिओ दिग्दर्शित ‘लकी ब्रेक’ (२००१) या ब्रिटिश चित्रपटात, बँक लुटताना पकडला गेलेला जिमी तुरुंगातून पळायचा बेत आखतो. तुरुंगाधिकाऱ्याला संगीतिकांचं वेड; ॲडमिरल नेल्सनवर त्यानं स्वतःच एक लिहून ठेवली आहे. सगळ्यांचे डोळे रंगमंचाकडे लागले की निसटायचं, एवढ्याचसाठी जिमी नाटकात उतरतो.

पण बेत लपवायचा तर तालीम खरीच करावी लागते. नक्कल पाठ करायची, वेळेवर एन्ट्री घ्यायची, समोरचा अडखळला तर त्याला सांभाळून घ्यायचं. मला हेच या चित्रपटाचं मर्म वाटतं. तुरुंग माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतो, आणि आपल्यावाचून कुणाचं काही अडतं ही जाणीवही. उठणं, जेवणं, झोपणं सगळं दुसऱ्याच्या हुकमानं. एक कैदी कमी झाला तरी तुरुंगाचा दिवस तसाच उगवतो. नाटकाचं मात्र अडतं. दोन वाक्यांची भूमिका असलेला माणूस आला नाही, तरी प्रवेश तिथेच खोळंबतो.

नाटकानं सगळं साधतं, असं मात्र नाही. टिमोथी स्पॉलनं उभा केलेला क्लिफ पहारेकऱ्याच्या छळानं खचतो आणि जीव देतो. तालमीतल्या सोबत्यांची माया त्याला पुरत नाही. विनोदी चित्रपटानं हे दुःख झाकलं नाही, याचा मला आदर वाटतो.

कैद्यांवर विश्वास टाकून नाटक बसवण्याचा जुगार प्रत्यक्षातही हरला गेला आहे. स्वीडनमध्ये यान यॉन्सन यांनी कुमला तुरुंगातल्या कैद्यांना घेऊन बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ बसवलं. १९८६ साली गोथेनबर्गच्या प्रयोगाआधी नट पळून गेले. मग विश्वास टाकणं चुकलं का? मला तसं वाटत नाही. दगा होणारच नाही अशी खात्री असेल, तर विश्वास टाकायची गरजच कुठे उरते? जोखीम पत्करल्याशिवाय तो टाकता येत नाही.

इंग्लंडमध्ये ॲस्कम ग्रेंज तुरुंगातल्या दोन स्त्री कैद्यांनी १९७९ साली ‘क्लीन ब्रेक’ ही नाट्यसंस्था उभी केली. शिक्षा भोगणाऱ्या बायकांच्या गोष्टी तिनं बाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचवल्या. बहुतेक कैदी एक ना एक दिवस सुटून आपल्या शेजारी राहायला येणार आहेत. दुसऱ्यासाठी वेळेवर हजर राहण्याची सवय त्यांना आत असतानाच लागावी, असं वाटत असेल, तर त्यांच्यावर कुणाचं तरी काही अडेल अशी कामं त्यांना द्यायला हवीत. नाटक हे त्यातलं एक फार चांगलं काम आहे.