भयाचें निदान

वैद्यानें रोगाला नांव द्यावें, हें त्याचें कर्तव्यच आहे. पण जें दुःख माणसानें माणसाला बुद्धिपुरस्सर दिलें, त्यालाहि रोगाच्या पंक्तीला बसवावें काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतिशास्त्राचाहि आहे.

१९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत ‘आघातोत्तर तणाव-विकृति’ ही संज्ञा प्रथम घातली. तिच्यामागें व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची खटपट होती. त्यांचें युद्ध समुद्रापलीकडे राहिलें होतें. घरीं फटाका वाजतांच असा माणूस जमिनीवर पालथा पडला, तर त्याचें भय अस्थानीं आहे हें शेजाऱ्यालाहि कळे. नागरिकाची गोष्ट निराळी. युद्धच त्याच्या घरीं आलेलें असतें, आणि तें संपल्यावरहि त्याला त्याच रस्त्यानें बाजाराला जावें लागतें.

साराजेव्होचें उदाहरण घ्या. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षें, बोस्नियाच्या या राजधानीला बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा पडला होता. सभोंवारच्या टेकड्यांवरून तोफा आणि बंदुका शहरावर रोखलेल्या. पाण्याच्या रांगेंत उभें राहणें म्हणजे प्राण पणाला लावणें. ५ फेब्रुवारी १९९४ रोजीं मार्काले बाजारांत एक तोफगोळा पडला आणि ६८ माणसें मेलीं. चौक ओलांडतांना लोक वांकून धांवत. आतां, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या व्याख्येप्रमाणें या विकृतीचीं मुख्य लक्षणें तीन : आघात आतांच पुन्हां घडत आहे असें वाटणें, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणें, आणि संकट समोर उभें आहे अशी सततची जाणीव. १९९३ च्या साराजेव्होंत ही तिसरी जाणीव ज्याला नव्हती, त्याच्याच शहाणपणाविषयीं शंका घ्यावी लागली असती! मग तेंच वांकून धांवणें १९९७ सालीं रोग ठरलें, तर तो रोग जडला कोणत्या दिवशीं?

ब्रिटिश मनोवैद्य डेरेक समरफील्ड यांनीं २००१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें या निदानावरच कडक टीका केली. युद्धाच्या यातना सामाजिक आणि राजकीय आहेत. त्या एकेका माणसाच्या मनांतील बिघाड म्हणून दाखविल्यानें लक्ष भलतीकडे वळतें, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. यांत पुष्कळ तथ्य आहे. तथापि त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत जाणें मला शक्य वाटत नाहीं. जिला वर्षानुवर्षें झोंप नाहीं, जी मुलाला एकटें शाळेला धाडूं शकत नाहीं, त्या आईला ‘तुझें दुःख राजकीय आहे’ असें सांगून काय द्यावयाचें? आघाताच्या आठवणींना हळूहळू सामोरें जावयास शिकविणारे उपचार आहेत, आणि त्यांनीं कित्येकांना खरोखरच उतार पडतो. शिवाय रोगाला नांव मिळालें म्हणजे ‘मी वेडी झालें नाहीं’ एवढा तरी धीर येतो. माणूस ज्या दिवशीं भयामुळें आपल्या अन्नाला, झोंपेला आणि आप्तांना मुकतो, त्या दिवसापासून तो वैद्याचा. मग भय कितीहि सकारण असो.

मात्र तें नांव कोणाच्या भाषेंतलें, हेंहि पाहावें. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटींतून वांचलेल्या कंबोडियन लोकांत ‘बाक्स्बात’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ मोडलेलें धैर्य. सोथेआरा छिम या कंबोडियन मनोवैद्यानें दाखविलें आहे कीं, ज्यांचें धैर्य असें मोडलें, ते कोणावर विश्वास टाकीत नाहींत, मान वर करीत नाहींत, बोलत नाहींत. आणि हें सारें अमेरिकन लक्षणांच्या यादींत पुरतेंपणीं मावत नाहीं. आपल्या मराठींतहि ‘धसका’ आहेच. धसका घेतलेल्याला आपण वेडा म्हणत नाहीं, आणि त्याची थट्टाहि करीत नाहीं.

व्यासांनीं युद्धानंतर एक सबंध पर्व स्त्रियांच्या शोकाला दिलें आहे. पुत्रांचीं प्रेतें पाहून गांधारी विलाप करते, आणि त्या विलापाचें पर्यवसान शापांत होतें. तिच्या शोकांत व्यासांना फिर्याद ऐकूं आली. आजच्या चिकित्सालयांत प्रश्नावलि भरून घेतली जाते, गुण मोजले जातात, आणि फिर्याद बहुधा बाहेरच राहते. परदेशांत आश्रय मागणाऱ्या निर्वासिताच्या हकीकतीला तर पुष्कळदां मनोवैद्याचा दाखला पुरावा म्हणून जोडला जातो. ज्याला त्या सर्व प्रकारानंतरहि रात्रीं शांत झोंप येते, त्याची हकीकत मग कमी खरी ठरावी काय?