शून्य आणि रिकामी जागा

आमच्या इमारतीच्या आवारात, मोटारी उभ्या करतात त्या बाजूच्या भिंतीवर, बास्केटबॉलची एक रिंग ठोकलेली आहे. तिला जाळी नाही. पहिल्याच पावसाळ्यात ती कुजून गेली. नाहूर स्टेशनातून गाड्या भांडुपकडे आणि मुलुंडकडे धडधडत जात असतात आणि दिवेलागणीपर्यंत पोरे त्या रिंगेत चेंडू टाकत असतात. अंधार पडला की चेंडू थांबतो आणि जिभा सुरू होतात. वाद नेहमीचाच. मोठा कोण, मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स?

जॉर्डनने शेवटचे अजिंक्यपद मिळवले ते १९९८ साली. त्या वेळी यांतल्या एकाही पोराचा जन्म झालेला नव्हता. पण भक्तीला दर्शनाची गरज असतेच असे नाही. अमेरिकेत अजिंक्य संघाच्या प्रत्येक खेळाडूला अंगठी मिळते. जॉर्डनच्या अंगठ्या सहा, लेब्रॉनच्या चार. एवढ्यावर वाद मिटायला हरकत नव्हती. पण एके संध्याकाळी जॉर्डनच्या पक्षातला एक पोरगा म्हणाला, "चार कुठल्या? तीनच! २०२० ची धरायचीच नाही. ती मिकी माउसची अंगठी!"

या टोमण्यामागची हकिगत अशी. कोरोनामुळे ११ मार्च २०२० ला तिथला हंगाम मध्येच थांबला. ३० जुलैला तो पुन्हा सुरू झाला, पण कुठे? फ्लॉरिडात, डिस्नेच्या आवारात. बावीस संघांना तिथे आणून ठेवले. बाहेरचे कोणी आत यायचे नाही, आतल्याने बाहेर जायचे नाही, प्रेक्षकांच्या खुर्च्या मोकळ्या. अशा स्थितीत ११ ऑक्टोबरला लेब्रॉनच्या लेकर्स संघाने मायामीला हरवून अजिंक्यपद घेतले. टीकाकार म्हणतात, हे काही खरे अजिंक्यपद नव्हे.

बाकावर आमचे आप्पा बसले होते. वय ऐंशीच्या घरात. बास्केटबॉलमधले त्यांना ओ की ठो कळत नाही, पण ते एकदम उसळून म्हणाले, "अरे, असं असेल तर आमच्या विजय मर्चंटच्या धावाही खोट्याच म्हणा की!"

पोरांनी मर्चंटांचे नाव ऐकलेले नव्हते. मग आप्पांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेली कथा सांगितली. १९३६ नंतर हिंदुस्थान एकदम १९४६ सालीच पुन्हा कसोटी सामने खेळला. मधली वर्षे बहुतेक महायुद्धाने गिळली. मर्चंटांचा पहिला कसोटी सामना १९३३ चा, शेवटचा १९५१ चा. अठरा वर्षांत सामने अवघे दहा. पण त्याच युद्धाच्या काळात इथे पंचरंगी सामने होत होते. १९४३ साली ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात मर्चंटांनी नाबाद २५० धावा काढल्या आणि समोरच्या संघाच्या विजय हजाऱ्यांनी एकूण ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यांत मर्चंटांची सरासरी ७१.६४, भरपूर खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्या वर एकटा ब्रॅडमन. आता टीकाकार म्हणणारच, की खेळपट्ट्या निर्जीव होत्या आणि जगातले उत्तम गोलंदाज तेव्हा रणांगणावर होते. आणि भक्त म्हणणार, ती दहा वर्षे मिळाली असती तर मर्चंटांनी काय केले नसते!

मी घरी आलो, पण तो वाद डोक्यातून जाईना. मला वाटते, दोन्ही पक्षांच्या मनात एकच भूल आहे. काळाने जे मोडले त्याचा हिशेब त्यांना माणसाच्या खात्यावर टाकायचा आहे. एकाला तो वजा करायचा असतो, दुसऱ्याला तो मिळवायचा असतो. टीकाकार खेळलेल्या माणसाची मिळकत कापतो. भक्त न काढलेल्या धावा बहाल करतो. न्याय कोणीच करत नाही.

न्याय कसा करावा हे क्रिकेटच्या धावफलकाने फार सोप्या रीतीने सांगितले आहे. जो खेळायला गेला आणि धाव न काढता बाद झाला, त्याच्या नावापुढे शून्य लिहितात. ज्याची पाळीच आली नाही त्याच्या नावापुढे शून्य लिहीत नाहीत. त्याने फलंदाजी केली नाही, एवढेच नोंदवतात. शून्याने सरासरी उतरते. न आलेल्या पाळीने ती तसूभरही हलत नाही. ब्रॅडमनचेच पाहा. १९३८ च्या ऑगस्टनंतर १९४६ च्या नोव्हेंबरपर्यंत तो एकही कसोटी खेळला नाही. त्या आठ वर्षांनी त्याच्या सरासरीला धक्का लावला नाही. पण १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात तो दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला आणि त्या एका भोपळ्याने शंभराची सरासरी ९९.९४ वर आणून ठेवली. चार धावा हव्या होत्या. जगभर हळहळ झाली, तरी कोणी ते चार त्याच्या पदरात टाकले नाहीत.

आमच्या रणजी करंडकाचेही तसेच. १९३४-३५ साली सुरू झालेली ही स्पर्धा महायुद्धातसुद्धा खंडली नाही. ती थांबली कोरोनाने. २०२०-२१ साली ती झालीच नाही. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे कोणाचेही नाव नाही. मागच्या वर्षाचा विजेता तिथे ओढून आणला नाही, चिठ्ठ्या टाकून कोणाला निवडले नाही. पुढे मंडळाने खेळाडूंना बुडालेल्या हंगामाबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्मी भरपाई दिली. मला यात मोठे शहाणपण दिसते. नुकसान भरायचे ते खिशात भरावे, संधी देऊन भरावे. धावफलकात भरू नये.

हे तत्त्व मी आप्पांना सांगितले तेव्हा ते खूष झाले. पण पोरे वस्ताद. एकाने विचारले, "आप्पा, मग २०२२ साली मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?" आप्पा गप्प. त्या हंगामाचे दोन तुकडे झाले होते, साखळीत प्रत्येकाला तीनच सामने मिळाले होते, आणि "हा काय हंगाम म्हणायचा?" असे आप्पा याच बाकावर बसून म्हणाले होते. मुंबई जिंकली असती तर तोच हंगाम त्यांना सोळा आणे वाटला असता! आपण हसलो तरी ही खोड सगळ्यांचीच आहे. मोडक्या काळाची आठवण आपल्याला बहुधा दुसऱ्याच्या यशापुढेच होते.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो? पेशाने मी शिक्षक. २०२१ साली आपल्या राज्यात दहावीची परीक्षा झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन यांवरून निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के लागला. माझ्या वर्गातला एक मुलगा ९१ टक्क्यांचा कागद घेऊन पाया पडायला आला. बहिणीबरोबर एकच फोन वाटून घेऊन, गच्चीवर बसून त्याने वर्ष काढले होते. हे ठाऊक असूनही मी चारचौघांत हसत म्हणालो, "अरे, यंदा दगडालासुद्धा नव्वद पडलेत!" सगळे हसले. तोही हसला.

तीन वर्षांनी पदविका घेऊन तो पेढे द्यायला आला. जाता जाता म्हणाला, "सर, ते मार्क खरे होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. परीक्षा झाली असती तर किती पडले असते, हे मलाच कधी कळणार नाही."

त्या वाक्याने मी खजील झालो. ज्याचे सर्वांत मोठे नुकसान झाले होते त्यालाच मी फुकट लाभ झाल्याचे हिणवले होते. त्याच्यापुढची रिकामी जागा खोडून मी तिथे शून्य लिहिले होते. त्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. "असू द्या सर," असे म्हणून तो पुन्हा तसाच हसला.

यावर कोणी म्हणेल, की मग प्रत्येक आळशी माणूस आपली पाळीच आली नव्हती असे सांगत सुटेल. सांगू द्या. रिकाम्या जागेने त्याला एकही धाव मिळत नाही. मर्चंटांचे कसोटी सामने दहाच राहतात, ब्रॅडमनची सरासरी शंभर होत नाही. ती जागा कोणाला बढती देत नाही. फक्त दुसऱ्याला शून्य लिहिण्यापासून आपला हात धरते. आणि ज्याला पाळी आली, मग ती रिकाम्या खुर्च्यांपुढे का असेना, त्याने काढलेल्या धावा त्याच्याच. लेब्रॉनची अंगठी पुरी एक आहे. पाऊण नव्हे आणि सव्वाही नव्हे.

दिवाळीत वहीपूजन होते. २०२० च्या दिवाळीचे पान प्रत्येक घराने आठवून पाहावे. कितीतरी घरी फराळ झाला, पण पाहुणे आले नाहीत. किती बहिणींनी फोनवरच ओवाळले. आणि काही घरी तर त्या वर्षापासून एक पाट मांडायचाच राहिला. त्या भाऊबिजेला जो भाऊ येऊ शकला नाही त्याच्या मायेपुढे कोणी बहीण शून्य लिहीत नाही. घरात आपल्याला जे सहज समजते ते घराबाहेर समजायला मात्र वेळ लागतो.

परवा पोरांनी वर्गणी काढून रिंगेला नवी जाळी बसवली. वाद अर्थात संपलेला नाही, संपू नये. पण काल जॉर्डनचा तोच भक्त म्हणताना ऐकला, "बरं, चार तर चार! तरी सहा जास्तच ना?"

आप्पांनी बाकावरून माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली.